मूत्रपिंडाची कथा : आपले आणि परके

इसवी सन १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात पुण्याकडील एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी मनुष्य १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे सुमारे वर्षभर हा गृहस्थ तसाच वावरत होता. नंतर पुण्याजवळच्या एका कारागिराने मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक बनविले, ते सपाट करून कावसजीच्या कपाळावर ठेवले, भोवती रेघ आखली, तेवढी कातडी एका बाजूने जोडलेलीच ठेवून सोडविली आणि खाली वळवून नवे नाक बसवून दिले. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम डोळ्यांनी पाहिले. ते वर्णन वाचून लंडनच्या कार्प्यू या शस्त्रवैद्याने १८१४ साली तीच रीत तेथे करून दाखविली. आज ज्याला प्लॅस्टिक सर्जरी म्हणतात तिच्या अर्वाचीन इतिहासात ह्या पुणेरी कारागिराचा उल्लेख आदराने होतो. तो वीटकाम करणाऱ्या जातीचा होता, असे त्या मासिकाने छापले आहे. त्याचे नाव मात्र छापलेले नाही.

मूत्रपिंडाच्या लेखात नाकाची कथा कशाला, असे सुज्ञ वाचकांस वाटेल. कारण असे की, कावसजीच्या कपाळाची कातडी ही कावसजीचीच होती, म्हणून ती नाकावर जगली. तीच दुसऱ्या कोणाची असती, तर पहिले काही दिवस टवटवीत दिसून मग काळवंडली असती आणि गळून पडली असती. शरीर आपले कोणास म्हणते आणि परके कोणास म्हणते, हा प्रश्न पुढील दीडशे वर्षे शस्त्रवैद्यांच्या वाटेत आडवा उभा होता. मूत्रपिंड बदलण्याचा इतिहास म्हणजे मुख्यतः ह्या एका प्रश्नाचा इतिहास होय. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत, जेथे आपले कोण याची चर्चा पानोपानी असते, तेथे तो सांगण्यास विशेष औचित्य आहे असे मला वाटते.

प्रथम मूत्रपिंडाचे कार्य थोडक्यात सांगतो. कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीएवढी दोन इंद्रिये असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो आणि त्यातील दीड-दोन लिटर वगळता बाकी सर्व शरीर परत घेते. म्हणजे गाळणे हे निम्मेच काम. काय परत घ्यावे याचा निवाडा करणे हे खरे काम. याशिवाय रक्तदाब सांभाळणे, तांबड्या पेशी तयार करण्याची आज्ञा देणे, हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व उपयोगी रूपात आणणे हीही कामे ह्याच इंद्रियाकडे आहेत. ही कामे बंद पडली की रक्तात युरिया आदी विषारी द्रव्ये साठतात, आणि पूर्वी अशा रोग्याला मृत्यूवाचून दुसरी वाट नव्हती.

बिघडलेल्या इंद्रियाच्या जागी दुसरे बसविण्याची कल्पना मनात आली तरी रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडावी कशी, हेच ठाऊक नव्हते. १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांना लियों शहरी सुऱ्याने भोसकण्यात आले. मोठी रक्तवाहिनी तुटली होती. ती शिवता येईना, म्हणून ते दगावले. ही गोष्ट अलेक्सी कॅरेल या तरुण डॉक्टरच्या मनाला लागली. बारीक सुई आणि तलम धागा कसा चालवावा हे शिकण्यासाठी तो लियोंमधील भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडे गेला. त्या विद्येवर त्याने रक्तवाहिन्या सांधण्याची रीत बसविली आणि १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरोघरी लेकीसुना जे काम वेळ घालविण्यासाठी करतात असे आपण समजतो, त्यातून शस्त्रवैद्यकाचा एवढा मोठा अध्याय उघडला.

सांधणे साधले, परके शरीर मात्र आपले होईना. १९३३ साली युक्रेनमधील खेर्सन येथे व्होरोनॉय यांनी एका मृत मनुष्याचे मूत्रपिंड एका तरुणीला बसविले. विषप्राशनाने तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. दात्याचा रक्तगट जुळत नव्हता. ती दोन दिवसांत वारली. १९५२ च्या नाताळात पॅरिसच्या नेकर रुग्णालयात आणखी हृदयद्रावक प्रसंग घडला. पाडावरून पडलेल्या सोळा वर्षांच्या एका सुतार मुलाचे जखमी मूत्रपिंड काढावे लागले आणि तेवढे एकच त्याला होते असे नंतर कळले. आईने आपले दिले. ते चांगले चालूही लागले. पण सुमारे तीन आठवड्यांनी मुलाच्या शरीराने ते नाकारले आणि मुलगा गेला. ज्या आईच्या उदरात नऊ महिने वाढला, तिचे मूत्रपिंडसुद्धा परके ठरले.

असे का होते याचा उलगडा त्याआधीच इंग्लंडात पीटर मेडावार यांनी केला होता. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या लोकांना दुसऱ्यांची कातडी लावून पाहत असता त्यांच्या ध्यानात आले की, एकाच दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते. म्हणजे शरीर परक्याची ओळख लक्षात ठेवते. रोगजंतूंशी लढणारी जी शक्ती, तीच येथे परक्या इंद्रियाशी लढते. मेडावार यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यावरून एक वाट सुचली. एका गर्भापासून झालेली जुळी भावंडे असतील, तर शरीराला भेद कसा कळणार? अमेरिकेतील बोस्टन शहरी पीटर बेंट ब्रिगम रुग्णालयात १९५४ साली रिचर्ड हेरिक नावाचा तेवीस वर्षांचा तरुण मृत्युपंथास लागला होता. रोनाल्ड हा त्याचा जुळा भाऊ. दोघे खरोखर एकाच गर्भाचे आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी एकाची कातडी दुसऱ्याला लावून पाहिली. पोलिसांकडे नेऊन बोटांचे ठसेही ताडून पाहिले. पण डॉक्टरांपुढे शस्त्रक्रियेहून अवघड प्रश्न वेगळाच होता. धडधाकट मनुष्याला त्याच्या स्वतःच्या कसल्याही लाभावाचून चाकू लावावा काय? वैद्यकाच्या इतिहासात असे क्वचितच झाले होते. त्यांनी धर्मोपदेशकांचे, कायदेपंडितांचे मत घेतले. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री रिचर्डने भावाला चिठ्ठी पाठविली की, तू येथून निघून घरी जा. भावाने उलट चिठ्ठी दिली की, मी आलो आहे आणि येथेच राहणार आहे. २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनी साडेपाच तासांत काम पुरे केले. रक्तप्रवाह सुरू होताच नवे मूत्रपिंड गुलाबी झाले आणि तेथल्या तेथे मूत्र वाहू लागले. रिचर्डने पुढे रुग्णालयातील परिचारिकेशीच विवाह केला, त्याला दोन मुले झाली आणि तो आठ वर्षे जगला. रोनाल्ड एका मूत्रपिंडावर २०१० पर्यंत, वयाच्या ७९ व्या वर्षापर्यंत जगला. हा गृहस्थ शेती करी आणि शाळेत गणित शिकवी. हे वाचून माझ्यासारख्या शिक्षकाला थोडा अभिमान वाटला, तर वाचकांनी हसू नये.

जुळे भाऊ मिळणार किती जणांना? बाकीच्यांसाठी औषधे शोधावी लागली. १९६० नंतर अझाथायोप्रीन आले. नॉर्वेच्या एका पठारावरील मातीतल्या बुरशीपासून सायक्लोस्पोरीन निघाले आणि १९८३ पासून अमेरिकेत सर्रास वापरात आले. तेव्हापासून परके मूत्रपिंड वर्षानुवर्षे टिकू लागले. रोग्याला ही औषधे रोज आणि आमरण घ्यावी लागतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती परस्पर बंद करणाऱ्याचे मूत्रपिंड हातचे जाते.

दुसरी वाट यंत्राची. तिचा जनक हॉलंडचा विलेम कोल्फ. १९३८ साली त्याच्या हाताखाली एका शेतकऱ्याचा बावीस वर्षांचा मुलगा मूत्रपिंडे बंद पडून गेला आणि त्याच्या आईला ते सांगण्याची पाळी ह्या तरुण डॉक्टरवर आली. रक्तातील युरिया रोज थोडा जरी बाहेर काढता आला असता तर हा जगला असता, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे जर्मनांनी हॉलंड व्यापला. कांपेन नावाच्या लहान गावी, युद्धाच्या टंचाईत, मांसाचे सॉसेज भरण्यासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळून, इनॅमलच्या कारखानदाराकडून टाकी मिळवून त्याने १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड उभे केले. नळीतून रक्त फिरावे, पिंप मिठाच्या पाण्यात फिरावे आणि रक्तातील विष पाण्यात उतरावे, एवढीच युक्ती. पहिल्या पंधरा-सोळा रुग्णांपैकी जवळजवळ सर्व दगावले. यंत्रामुळे निःसंशय वाचलेला पहिला रुग्ण म्हणजे १९४५ च्या सप्टेंबरातील ६७ वर्षांची एक वृद्धा. ही बाई जर्मनांना सामील झालेली म्हणून तुरुंगात होती. गावात तिच्याविषयी कोणाला माया नव्हती. कोल्फने तिला यंत्राला जोडले, ती शुद्धीवर आली आणि पुढे सात वर्षे जगली. ज्याच्या देशाला शत्रूने पाच वर्षे तुडविले त्या मनुष्याने शत्रूपक्षाच्या बाईवर हा उपचार करावा, ही गोष्ट मला यंत्राच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

कोल्फचे यंत्र तात्पुरत्या बिघाडासाठी होते. १९६० साली सिएटलच्या स्क्रिब्नर यांनी हातातील रक्तवाहिन्यांत कायमची नळी बसविण्याची सोय केली आणि ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली तेही जगू लागले. मग यंत्रे थोडी आणि रोगी पुष्कळ, असा पेच पडला. त्या शहरात सात नागरिकांची समिती नेमण्यात आली. एक वकील, एक पाद्री, एक बँकवाला, एक गृहिणी असे लोक बसून कोणी जगावे हे ठरवीत. उत्पन्न किती, मुले किती, चर्चमध्ये जातो की नाही, हेही पाहिले जाई. १९६२ साली हे वर्तमान साप्ताहिकात छापून आले तेव्हा मोठी खळबळ उडाली आणि १९७२ साली अमेरिकेने हा खर्च सरकारी तिजोरीतून देण्याचा कायदा केला. चांगल्या घरचा, आपल्यातला, ओळखीचा, अशा कसोट्यांनी जीवदान वाटू लागले की काय होते, याचे हे उदाहरण प्रत्येक संस्थाचालकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या देशात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६० नंतरच्या दशकात मूत्रपिंड बदलण्याचे प्रयत्न झाले, आणि १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, ज्यांना नेफ्रॉलॉजिस्ट म्हणतात, त्यांची अखिल भारतीय संघटना १९७० सालची. ही शाखा किती नवी आहे हे त्यावरून दिसेल. पण विद्या आली तशी तिच्यामागे बाजारही आला. १९८० नंतरच्या दशकात मुंबई, मद्रास, बंगलोर ही शहरे मूत्रपिंडाच्या खरेदी-विक्रीसाठी जगात कुप्रसिद्ध झाली. चेन्नईतील ३०५ विक्रेत्यांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. विक्रीनंतर त्यांचे कौटुंबिक उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले होते आणि ८६ टक्के लोकांची प्रकृती खालावली होती. म्हणजे मूत्रपिंडही गेले आणि दैन्यही टळले नाही.

या बाजाराला आळा घालण्यासाठी १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. त्याच्या पहिल्याच कलमात तो प्रथमतः गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या तीन राज्यांना आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू होईल असे म्हटले होते. आपले राज्य यात पहिल्या पंक्तीला होते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. कायद्याने विक्री गुन्हा ठरली. २०११ च्या दुरुस्तीने शिक्षा पाच ते दहा वर्षे कारावासाची झाली. जवळच्या नातलगांत पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे यांच्याबरोबर आजी-आजोबा व नातवंडे यांचीही भर पडली. दोन कुटुंबांत दात्यांचे रक्तगट जुळत नसतील, तर एकाचा दाता दुसऱ्याच्या रोग्यास अशी अदलाबदलही मान्य झाली. दुसरे मोठे काम म्हणजे मेंदूचा मृत्यू हा कायद्याने मृत्यू मानण्यात आला.

आता आपल्या घरांकडे वळतो. १९९५ ते २०२१ या काळात देशात जी प्रत्यारोपणे झाली, त्यांत दर पाच रोग्यांमागे सुमारे चार पुरुष होते, असे राष्ट्रीय संस्थेचे आकडे सांगतात. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियाच अधिक. आई देते, पत्नी देते, बहीण देते. पुरुष कमावता आहे, असे उत्तर दिले जाते. ते अगदीच खोटे नाही. पण पुरे खरेही नाही. सुनेची मूत्रपिंडे बिघडली तर तिला माहेरी धाडून ‘तुमच्याकडे कोणी आहे का पाहा’ असे सांगणारी घरे आपल्या ज्ञातीत नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय? भिन्न गोत्रातून आलेल्या पत्नीचे मूत्रपिंड पतीला औषधांच्या साह्याने उत्तम चालते. तर पतीचे पत्नीला का चालू नये?

ह्याच अनुषंगाने आणखी एक समजूत. ‘आपल्यातल्याचेच मिळाले तर बरे’ असे म्हणणारे लोक मला भेटतात. स्मरणिकेच्या वधूवर विभागात कुळ, गोत्र, देवक यांच्या जोडीला अलीकडे रक्तगटही छापला जातो, त्यामुळे ही समजूत बळावत असेल. पण ‘ब’ रक्तगटाला सोवळेओवळे कळत नाही. पेशींवरील खुणांची जी जुळणी पाहतात, ती १९५८ साली फ्रान्सच्या डोसे यांनी उघडकीस आणली. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आई-वडिलांशी निम्मी जुळते. यापलीकडे एका ज्ञातीत जन्म झाला एवढ्याने ती जुळत नाही. मृत दात्याचे मूत्रपिंड वाटताना रक्तगट, डायलिसिसवर किती काळ गेला, वय अशा गोष्टी पाहून क्रम लागतो. मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे त्यासाठी विभागीय समन्वय केंद्रे आहेत. ज्या समाजाला घेताना जात चालते किंवा न चालते हे विचारण्याची सवड नसते, त्याने देतानाही ती विचारू नये.

पण देतो कोण? २०२३ साली देशात १८,००० हून अधिक प्रत्यारोपणे झाली, त्यांपैकी १३,००० हून अधिक मूत्रपिंडांची. मृत्यूनंतर दान करणारे मात्र सबंध देशात हजाराहून थोडेच अधिक होते. स्पेन देशात दर दहा लाख लोकसंख्येमागे असे ४५ हून अधिक दाते मिळतात; आपल्याकडे एकही भरत नाही. स्पेनमध्ये १९८९ साली एक राष्ट्रीय संघटना निघाली आणि तिने रुग्णालया-रुग्णालयात एक शिकविलेला डॉक्टर नेमला. त्याचे मुख्य काम म्हणजे ज्यांचे माणूस गेले त्यांच्याजवळ बसणे आणि विचारणे. कायद्याने तेथे न विचारताही घेता येते. तरी ते विचारतात. माझ्या मते सारे मर्म त्यात आहे.

अवयवदानाच्या व्याख्यानात दधीची ऋषींचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. ते उदाहरण थोर असले तरी येथे पुरते लागू पडत नाही. दधीचींनी स्वतः, स्वखुशीने, देवांच्या विनंतीवरून अस्थी दिल्या. येथे ज्याचे दान, तो बोलू शकत नाही. अपघाताने वा मेंदूतील रक्तस्रावाने माणूस अतिदक्षता विभागात पडलेला असतो. यंत्राने छाती वरखाली होत असते, अंग गरम असते, आणि डॉक्टर सांगतात की मेंदू मेला आहे. चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तसा दाखला देतात. बेशुद्धीतून माणूस उठू शकतो. ह्या अवस्थेतून कोणी उठत नाही. हे त्या क्षणी पटणे फार कठीण. त्या क्षणी बाहेरच्या बाकावर वडील, काका, मेहुणे, जावई बसलेले असतात आणि एकजण जरी ‘नको’ म्हणाला तरी दान होत नाही. मृताने कार्ड भरले होते की नाही, यापेक्षा त्याने घरात ते बोलून दाखविले होते की नाही, यावरच प्रत्यक्षात निर्णय होतो. एकदा पंगतीत बसून सर्वांसमक्ष सांगितलेले वाक्य छापील कार्डापेक्षा अधिक उपयोगी पडते.

ज्यांना मूत्रपिंडाचा विकार अजून झालेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. मधुमेह व रक्तदाब ही आजच्या काळी मूत्रपिंडे जाण्याची मुख्य कारणे आहेत आणि बराच काळ काहीही दुखत नाही. मधुमेही वा रक्तदाबाच्या माणसाने वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिन तपासून घ्यावे; खर्च अल्प आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या महिनोन्महिने घेण्याची जी सवय आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना आहे, ती मूत्रपिंडांना बाधते. दुर्दैवाने डायलिसिसची वेळ आलीच, तर ती साधारणतः आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालते. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी ती मोफत आहे. शेत गहाण टाकण्यापूर्वी तेथे चौकशी करावी.

दानानंतर देहाचे काय, हा प्रश्न स्त्रिया हळूच विचारतात, म्हणून तेही सांगतो. अवयव काढण्याचे काम नेहमीच्या शस्त्रक्रियेप्रमाणे, शस्त्रक्रियागृहातच होते. चेहऱ्यात कोणताही फरक पडत नाही. अपघाताचे प्रकरण असेल तर पोलिसांची व शवचिकित्सेची कामे तिथेच समन्वयाने उरकण्याची तरतूद आहे. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडत नाही. मग टाके घालून, स्वच्छ करून, देह घरच्यांच्या स्वाधीन केला जातो आणि ज्याच्या त्याच्या कुलाचाराप्रमाणे अंत्यविधी, दशक्रिया, तेरावे ही सारी कार्ये यथासांग होतात.